पार्ट-टाइम फोर बाय फोर: काळ्या मातीचा चिखल आणि स्पितीचा बर्फ. ४एच कधी, ४एल कधी, चेन कुठे?

पाणंद_वाट (पुणे):

नमस्कार मंडळी. गाडी लिव्हरवाली पार्ट-टाइम फोर बाय फोर आहे: २एच (फक्त मागची चाकं), ४एच (चारही चाकं) आणि ४एल (चारही चाकं, कमी वेग पण जादा ताकद). डिझेल, मॅन्युअल गिअरबॉक्स, व्हीलबेस २.४५ मीटर. मागच्या डिफला (डिफरन्शियल, ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) आपोआप लागणारा, दोन्ही चाकं एकत्र बांधणारा मेकॅनिकल लॉकर आहे, पुढचं डिफ उघडं म्हणजे बिनलॉकरचं आहे, पण घसरणारं चाक ब्रेकने धरणारी यंत्रणा आहे. टायर ऑल-टेरेन, २५५/६५ आर १८.

वापर दोन ठिकाणी. पावसाळ्यात शेताकडे जायची काळ्या मातीची पाणंद, आणि येत्या जानेवारीअखेर सिमला, नारकंडा, रेकाँग पिओ, नाको, काझा असा स्पितीचा बेत. जाणकारांनी कृपया पुढच्या गोष्टी सविस्तर सांगाव्यात.

१. पाणंदीतून डांबरीवर आल्यावर लिव्हर ४एच मधून २एच ला येत नाही, अडकून बसतो. गाडीत दोष आहे की वापरात?
२. चिखलात ४एच पुरतं की ४एल लागतं? कुठल्या गिअरमध्ये?
३. बर्फाच्या उतारावर "४एल आणि पहिला टाक, ब्रेकला हात लावू नकोस" असा सल्ला सगळे देतात. तो बरोबर आहे का?
४. स्नो चेनची (बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायच्या साखळ्या) एकच जोडी घेतली तर ती पुढे लावायची की मागे?
५. टायरमध्ये हवा किती?

ट्रान्सफरकेस:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. त्यातून बाकीचं निम्मं आपोआप कळेल.

पार्ट-टाइम प्रकारात पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. ४एच टाकलं की ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्सची ताकद दोन्ही ॲक्सलना वाटणारा भाग) पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात आणि दोघांना सारख्याच वेगाने फिरावं लागतं. वळणावर मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. तुमच्याच गाडीचं गणित घ्या. मागच्या ॲक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येने वळत असेल, तर पुढच्या ॲक्सलचा मध्य ५.५७ मीटर त्रिज्येने वळतो. काटकोनात वळेपर्यंत मागचा ॲक्सल ७.८५ मीटर जातो आणि पुढचा ८.७५. म्हणजे एका वळणात जवळजवळ ९० सेंटीमीटरचा फरक. त्रिज्या २० मीटर असली तरी तो २३ सेंटीमीटर उरतोच.

चिखलात किंवा बर्फात हा फरक टायर घसरून भरून काढतात, तुम्हाला जाणवतही नाही. कोरड्या डांबरीवर टायर घसरत नाहीत. मग तो फरक पीळ बनून शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट, ट्रान्सफर केसची चेन किंवा गिअर आणि पुढचे सीव्ही जॉइंट यांत साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी कुणी मागून धरल्यासारखी चालते, आणि सरकणारी कॉलर दातांवर इतकी दाबली जाते की लिव्हर हलत नाही. तुमचा लिव्हर अडकतो तो यामुळेच. दोष वापरात आहे, आणि तो सहज सुधारता येतो.

सोडवायचं असं. लिव्हरवर जोर लावू नका. स्टिअरिंग सरळ करा, रिव्हर्स टाकून पाचसहा मीटर सरळ मागे या आणि गाडी हळू चालत असतानाच ॲक्सिलरेटर सोडून लिव्हर २एच कडे ओढा. तरी सुटला नाही तर ज्या बाजूला वळून आलात त्याच वळणावरून थोडं उलट मागे जा, म्हणजे पीळ उलगडतो. एका बाजूची चाकं मुरमाच्या साइडपट्टीवर घेतली तरी काम होतं. लिव्हर २एच ला आला तरी डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा काही वेळ लुकलुकत राहू शकतो. शंभरेक मीटर सरळ चाललात की विझतो.

यापुढे सवय एकच ठेवा: चिखल संपून कडक जमीन लागली की डांबरीवर चढण्याआधीच, सरळ चालत असताना, २एच. तसंच आत शिरताना ४एच आधी टाकायचं. चाकं जागेवर फिरायला लागल्यावर लिव्हर ओढला तर फिरणारा मागचा शाफ्ट आणि थांबलेला पुढचा शाफ्ट यांचे दात एकमेकांवर आपटतात. ४एच साठी वेग किती चालतो ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, पण ४० च्या आत आणि सरळ रस्त्यावर टाकलं तर बहुतेक गाड्यांना त्रास नाही. ४एल साठी मात्र पूर्ण थांबा, क्लच पूर्ण दाबा, गिअर न्यूट्रलला आणा आणि मगच लिव्हर एका दमात पलीकडे न्या. दात अडले तर गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू पुढे सरकू द्या आणि पुन्हा प्रयत्न करा.

एक धोका फार कमी लोकांना माहीत असतो. ४एच आणि ४एल च्या मध्ये ट्रान्सफर केसचा न्यूट्रल आहे. लिव्हर तिथे राहिला तर गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटतो. पहिला गिअर टाकून ठेवलात किंवा ऑटोमॅटिक पी मध्ये ठेवलीत तरी गाडी उतारावर मोकळी असते. उतारावर ४एच आणि ४एल च्या मध्ये लिव्हर हलवताना पाय ब्रेकवर आणि हँडब्रेक ओढलेला, यात सूट नको.

आणखी दोन गोष्टी. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि सारखे झिजलेले हवेत. पुढच्या टायरची नक्षी मागच्यापेक्षा २ मिलिमीटर जास्त झिजली असेल तर परिघात ढोबळ अर्धा टक्का फरक पडतो. म्हणजे सरळ रस्त्यावरही किलोमीटरमागे ५ मीटरचा पीळ. दुसरं, जुन्या जिप्सीसारख्या ज्या गाड्यांना हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे-सोडणारे) आहेत, त्यांनी दोन्ही हब घरून निघतानाच लॉक करावेत. गुडघाभर राडीत उतरून हब शोधत बसणं टळतं.

काळी_आई:

चिखलाबद्दल लिहितो. "चिखल" म्हणून एकच उपाय सांगता येत नाही, खाली काय आहे त्यावर सगळं ठरतं.

कोकणात किंवा महाबळेश्वरच्या बाजूला तांबडी माती असते आणि बहुतेक ठिकाणी वरचा चारसहा इंचांचा थर निसरडा, खाली जांभा किंवा कडक मुरूम. तिथे टायरने वरचा थर कापून खाली पोचायला हवं. तुमची पाणंद काळ्या मातीची, म्हणजे बरोबर उलटं. या मातीतली मॉन्टमोरिलोनाइट चिकणमाती पाणी पिऊन फुगते, कितीही खाली गेलात तरी घट्ट तळ लागत नाही, आणि ती टायरला चिकटून नक्षी बुजवून टाकते. चार फेऱ्यांत ऑल-टेरेन टायर गुळगुळीत होतो. भरीला मडगार्डच्या आत माती साचून चाकच अडतं.

शिरण्याआधी उतरून चालत जा, हातात काठी घ्या. मोजायची आहे ती चाकोरीची खोली. कंपनी सांगते तो ग्राउंड क्लिअरन्स सपाट जमिनीवरचा आकडा आहे. सॉलिड ॲक्सलच्या गाडीत सर्वांत खाली डिफचा गोळा असतो आणि तो मधल्या उंचवट्यावर टेकला की चारही चाकं फिरत असली तरी वजन पोटावर गेलेलं असतं. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल असतील तर त्यांत उतरू नका. एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची बांधाच्या कडेला, असं चाला. पण काळ्या मातीत आडवा उतार असेल तर गाडी हळूहळू खालच्या चाकोरीत घसरणारच, त्यामुळे ही युक्ती पाणंद बऱ्यापैकी सपाट असेल तिथेच.

४एच की ४एल? घोट्याइतका चिखल आणि रस्ता सपाट असेल तर ४एच आणि दुसरा गिअर. टायरची अर्धी भिंत बुडत असेल, चढ असेल किंवा इंजिन मरत असेल तर ४एल, पण पहिल्यात नाही, दुसऱ्या किंवा तिसऱ्यात. थारसारख्या गाडीच्या ट्रान्सफर केसचं लो प्रमाण (४एल मध्ये वेग जितक्या पटीने कमी होतो तो आकडा) २.४८ आहे, त्यामुळे ४एल चा तिसरा साधारण ४एच च्या पहिल्याच्या आसपास येतो. काळ्या मातीत चाकाला थोडा वेग लागतो, नक्षीत भरलेली माती फेकली जाण्यासाठी. ४एल पहिल्यात तो मिळतच नाही. टॉर्क अफाट, चाक मात्र तिथल्या तिथे माती कुरतडत खाली जातं.

गती एकसारखी ठेवा, मध्ये गिअर बदलू नका. क्लच दाबलात की एवढ्या चिखलात गाडी दोन हातांत थांबते. पकड कमी झाल्यासारखी वाटली तर स्टिअरिंग डावीउजवीकडे चतुर्थांश फेरा हलवत राहा, पुढच्या टायरच्या कडा बाजूच्या ताज्या मातीत शिरतात. चाकोरीत असताना मात्र अधूनमधून खिडकीतून डोकं काढून पुढचं चाक कुठे वळलंय ते बघा. चाकोरी गाडीला सरळच नेते, स्टिअरिंग वळलेलं राहिलं तर लक्षात येत नाही, आणि चाकोरी संपताच गाडी झटक्यात बांधावर उडी घेते.

ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून इंजिन आणि ब्रेक आवरणारी यंत्रणा) खोल चिखलात बंद करा, नाहीतर चाक घसरलं की ती इंजिनची ताकद कापते आणि नेमकी गती मरते. बऱ्याच गाड्यांत ४एल टाकलं की ती आपोआप बंद होते. ब्रेकने चाक धरणारी यंत्रणा वेगळी असते, ती चालूच राहू द्या. कर्णातली दोन चाकं हवेत किंवा पाण्यात फिरायला लागली की लोक घाबरून ॲक्सिलरेटर सोडतात. तो स्थिर ठेवा, एकदोन सेकंद द्या. यंत्रणेला फिरणारं चाक ओळखून दाबायला तेवढा वेळ लागतो. मागचा मेकॅनिकल लॉकर दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएम फरक पडला की लागतो, म्हणजे एक चाक थोडं फिरल्याशिवाय तो जागाच होत नाही. "टक्क" असा आवाज येतो, तो बिघाड नव्हे.

हवा: चिखलात १८ ते २० पीएसआय. बीडलॉक रिम (टायरची कड घट्ट आवळून धरणारी) नसेल तर १५ च्या खाली नको, वळणावर टायर रिमवरून सुटतो. या हवेवर वेग ३० च्या आत, आणि डांबरीवर जाण्याआधी पुन्हा भरायची, म्हणजे कॉम्प्रेसर गाडीत हवाच. खरं सांगायचं तर हवा कमी केल्याचा फायदा वाळूत आणि ताज्या बर्फात जितका होतो तितका काळ्या मातीत होत नाही. कोकणातल्या "वर राड, खाली जांभा" रस्त्यावर तर मी २४ च्या खाली जायला सांगणार नाही.

गाडी पुढे जायची थांबली त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडा. रुतलेल्या गाडीचं खरं नुकसान पुढच्या दहा सेकंदांत होतं. आधी आपल्याच चाकोरीतून मागे येऊन बघा. नाही आली तर चारही चाकांसमोरची आणि डिफच्या पुढची माती फावड्याने काढा, फळ्या किंवा ट्रॅक्शन बोर्ड टायरच्या तोंडाशी घट्ट खोचा. बोर्डमागे कुणी उभं राहू नये.

ट्रॅक्टर आला तर दोर कुठे बांधला जातोय ते स्वतः बघा. बंपर, टाय रॉड, टो बॉल यांना कधीच नाही, चेसिसवरच्या टो हुकलाच. पाऊण इंची बो शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी), ज्यावर ४.७५ टन कोरलेलं असतं, ती वापरा. ट्रॅक्टरने हळू आणि सलग ओढायचं असतं, त्याला न ताणणारा पट्टा हवा. कायनेटिक दोर ताणून झटका देण्यासाठी असतो, तो दुसऱ्या गाडीबरोबर. दोन्ही वेळी दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात माणूस नको, आणि दोरावर मधोमध ओलं पोतं किंवा जाड घोंगडी टाका.

घरी आल्यावर रिमच्या आतली माती धुवा. ती वाळली की चाकाचा तोल जातो, वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि लोक विनाकारण अलाइनमेंट करायला जातात. डिफचा ब्रीदर पाइप (आतली हवा येण्याजाण्याची नळी) मोकळा आहे का तेही बघा. गरम डिफ पाण्यात गेलं आणि ब्रीदर बुजलेला असला तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं, तेल दुधाळ होतं.

हिमवाट:

बर्फाकडे येऊ. प्रश्न तीनमधला सल्ला अर्धा बरोबर आणि अर्धा जीवघेणा आहे, म्हणून नीट मांडतो.

आधी घर्षणाचे आकडे. कोरड्या डांबरीवर घर्षणांक ०.७ च्या आसपास, दाबून कडक झालेल्या बर्फावर ०.२ ते ०.३, आणि काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर ०.१ किंवा त्याहून कमी. ताशी ४० च्या वेगाला थांबायला कोरड्या डांबरीवर साधारण ९ मीटर लागतात, दाबलेल्या बर्फावर २१ ते ३१, काचेच्या बर्फावर ६० च्या पुढे. वेग २० केला तर त्याच काचेवर १६. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतो, त्यामुळे थांबण्यात फोर बाय फोरची गाडी टॅक्सीवाल्या ऑल्टोपेक्षा काहीच सरस नाही. चढताना मात्र फायदा खरा आहे. घर्षणांक ०.१ असेल तर चारही चाकांनी जास्तीत जास्त १० ला १ चढ चढता येतो, दोनच चाकांनी साधारण २० ला १. संकट यातूनच येतं: फोर बाय फोर तुम्हाला अशा चढावर घेऊन जाते जिथून खाली उतरताना ती थांबू शकत नाही.

आता उतार. २एच मध्ये इंजिनचं ब्रेकिंग फक्त मागच्या चाकांवर येतं. बर्फावर ती अडली की गाडीची शेपूट दरीकडे किंवा डोंगराकडे वळते. ४एच मध्ये तेच ब्रेकिंग चारही चाकांत वाटलं जातं, म्हणून उतारावर फोर बाय फोर लावणं बरोबरच. पण ४एल पहिल्यात इंजिन चाकांना इतकं हळू फिरवतं की गाडीचा वेग त्याहून जास्त झाला तर चाकं फरफटतात. फरफटणाऱ्या चाकाला स्टिअरिंग कळत नाही. आणि इथे एबीएसही तुम्हाला वाचवत नाही, कारण चाक ब्रेकने अडलेलं नसून इंजिनने अडवलेलं आहे. कडक दाबलेल्या बर्फावर तीव्र उतार असेल तर ४एल दुसरा. काचेच्या बर्फावर, उतार मध्यम असेल तर ४एच पहिला किंवा दुसरा आणि सोबत ब्रेकवर अगदी हलका, एकसारखा पाय. चाकं फरफटतायत असं वाटलं तर ब्रेक सोडा आणि क्लच दाबा किंवा किंचित ॲक्सिलरेटर द्या. चाकं पुन्हा फिरू लागतात, स्टिअरिंग परत येतं, मग हळूच पुन्हा ब्रेक. मन याच्या नेमकं उलट करायला सांगतं, म्हणून हे आधी मोकळ्या सपाट बर्फावर ताशी १० च्या वेगाने करून बघा. दरीच्या कडेला पहिल्यांदा नको.

सपाटीवर किंवा चढावर निघताना ४एच, दुसरा गिअर, क्लच शक्य तितका हळू. ४एल ची जादा ताकद इथे उलटी पडते. चाक एकदा जागेवर फिरलं की खालचा बर्फ वितळून लगेच गोठतो आणि तुम्ही स्वतःच काच तयार करता. अडकलात तर दोन वेळा मागेपुढे, मग उतरून चाकापुढचा बर्फ फावड्याने काढा आणि रस्त्याकडेची माती किंवा खडी टाका. खडेमीठ उणे १० च्या आसपास फारसं काम करत नाही आणि काझाला जानेवारीत रात्री पारा त्याहून खूप खाली जातो, तेव्हा माती बरी. दहा किलोची एक गोणी गाडीत असू द्या.

वळणांबद्दल. ४एच मध्ये पुढचे-मागचे शाफ्ट बांधलेले असल्यामुळे बर्फावरच्या अरुंद हेअरपिनवर गाडी सरळ जाऊ पाहते. स्टिअरिंग आणखी वळवून उपयोग नाही, ॲक्सिलरेटर सोडा, थोडं मोकळं करा, पकड आली की वळवा. वळणात शिरण्याआधीच वेग चालण्याइतका हवा.

किन्नौर-स्पितीचा रस्ता सलग बर्फाचा नसतो आणि पार्ट-टाइमवाल्यांची खरी परीक्षा तिथेच. दोनशे मीटर कोरडी डांबरी, मग सावलीतलं एक वळण, त्यावर नाल्याचं पाणी आडवं गोठलेलं, मग पुन्हा कोरडं. सरळ रस्त्यावर तुकड्या-तुकड्यांचा बर्फ असेल तर ४एच लावून ठेवा, मधल्या बर्फावर पीळ सुटत राहतो. कोरड्या हेअरपिनची रांग लागली तर २एच. पण पुढे डोंगराच्या सावलीतलं वळण दिसलं की त्याच्या आधी ४एच, त्यावर पोचल्यावर नाही. उन्हाच्या बाजूचा रस्ता दुपारी वितळतो आणि सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात गोठतो. शून्याजवळचा, पाणी सुटलेला बर्फ उणे १५ च्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो. म्हणून मुक्कामाला दुपारीच पोचा.

चढणारी गाडी समोर दिसली तर उतरणाऱ्याने लांबूनच, खडी किंवा माती असलेल्या जागी थांबावं. चढणारा एकदा थांबला तर त्याला पुन्हा निघता येत नाही.

चढ अर्ध्यात सुटला तर ब्रेकवर गाडी धरा, रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा आणि इंजिनवरच सरळ मागे या. क्लच दाबून ब्रेकवर मागे येऊ नका. पुढची चाकं अडली की तोंड फिरतं.

टायरचं थोडक्यात: एम+एस (चिखल आणि बर्फ) हे अक्षरचिन्ह फक्त नक्षीबद्दल सांगतं. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असेल तरच टायर बर्फावरच्या पकडीच्या चाचणीत उतरलेला आहे. साधं रबर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं.

ग्रीसगन:

चेनच्या प्रश्नावर अजून कुणी बोललं नाही. एकच जोडी असेल तर मागच्या चाकांना. पुढे लावून मागे उघडं ठेवलं तर उतारावर ब्रेक मारताच पुढची चाकं धरतात आणि मागचा भाग पुढे यायला बघतो. मागच्या ॲक्सलवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांची पुस्तकंही मागेच लावा म्हणतात. स्वतःच्या गाडीचं पुस्तक मात्र नक्की बघा, काहींत आतली जागा कमी असल्याने विशिष्ट मापाच्या टायरवर चेन लावायला मनाईच असते.

हिमवाट:

मागे लावली तर स्टिअरिंगचं काय? काझावरून की (गाव), किब्बर, लांगझा या बाजूला जाताना हेअरपिन उतरायचे आहेत. पुढचे टायर उघडे असतील तर मागून ढकलल्यासारखी गाडी सरळ जाईल. माझं मत स्पष्ट आहे: त्या रस्त्यांसाठी दोन जोड्या, चारही चाकांना.

ग्रीसगन:

चार लावाव्यात हे मान्य, त्यात वाद नाही. पण मागची एकच जोडी दिसते तितकी लंगडी नाही, आणि ते या पार्ट-टाइम रचनेमुळेच. ४एच मध्ये शाफ्ट बांधलेले आहेत, त्यामुळे मागची चेनवाली चाकं फिरत असेपर्यंत पुढची दोन्ही चाकं एकाच वेळी अडू शकत नाहीत. मागची पुढच्यांना फिरतं ठेवतात, म्हणजे थोडं तरी स्टिअरिंग उरतं. चेन मागे लावून लिव्हर २एच ला ठेवला तर हा फायदा गेला. तेव्हा एक जोडी असेल तर मागे आणि ४एच चालू.

लावताना: मापाचा आकडा टायरच्या भिंतीवरच्या आकड्याशी तंतोतंत जुळवा. चेनच्या हुकांची उघडी टोकं टायरच्या बाहेरच्या बाजूला वळलेली हवीत, भिंतीकडे वळली तर रबर फाडतात. आतली कडी आधी, मग बाहेरची. शंभरेक मीटर चालून थांबा आणि पुन्हा आवळा, पहिल्यांदा बसवलेली चेन नेहमी सैल होते. आतल्या बाजूला ब्रेकचा होज आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्यात बोटभर तरी मोकळी जागा आहे ना ते बॅटरी लावून बघा. वेग ३० च्या आत. कोरडी डांबरी सलग लागली की काढा, नाहीतर कड्या तुटून चाकाच्या कमानीत आपटतात. आणि हे सगळं पुण्यात, घरच्या पार्किंगमध्ये, हातमोजे घालून दोनदा करून बघा. उणे १२ मध्ये उघड्या हाताने लोखंड धरवत नाही.

मागच्या मेकॅनिकल लॉकरबद्दल एक इशारा. चिखलात तो देवासारखा धावून येतो, पण आडव्या उताराच्या बर्फावर तो लागला की मागची दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि मागचा भाग खालच्या बाजूला सरकतो. एक चाक घसरत होतं तोवर दुसरं गाडीला जागेवर धरून होतं. अशा ठिकाणी ॲक्सिलरेटर इतका हलका हवा की लॉकर लागायची वेळच येऊ नये.

पाणंद_वाट (पुणे):

सर्वांचे मनापासून आभार. लिव्हर अडकण्याचं कारण आता नीट समजलं. दोन शंका राहिल्या. पुण्यात ३२ पीएसआय भरलेली हवा काझाला कमी भरेल, ती तिथे पुन्हा भरायची का? आणि रात्री हँडब्रेक गोठतो म्हणतात, मग उतारावर गाडी लावायची कशी?

ट्रान्सफरकेस:

हवेचं गणित ऐकीव माहितीपेक्षा वेगळं निघतं. थंडीने दाब कमी होतो हे खरं, पण गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजतो आणि ३,८०० मीटरवर बाहेरचा दाबच कमी असतो. पुण्यात २५ अंशांना ३२ पीएसआय म्हणजे बाहेरचे साधारण १३.७ धरून एकूण ४५.७. उणे १५ ला ते होतात ३९.६. काझाचा बाहेरचा दाब ९.२ च्या आसपास, तो वजा केला की गेजवर ३० दिसतात. म्हणजे थंडीने घेतलेलं बरंचसं उंची परत देते. ३० ला हात लावायची गरज नाही. दाबलेल्या बर्फावर आणि काचेवर हवा कमी करून विशेष काही मिळत नाही. खोल, ताजा भुसभुशीत बर्फ पडला तर २० पर्यंत उतरवा आणि नंतर भरा.

हँडब्रेकबद्दल: भिजलेले ड्रम आणि केबल उणे तापमानात धरून बसतात, हे होतंच. पोचायच्या आधीच्या शेवटच्या किलोमीटरमध्ये ब्रेक दोनचार वेळा हलके दाबून ड्रम कोरडे करा. जागा शक्य तितकी सपाट निवडा. गाडी लावताना लिव्हर ४एच ला ठेवा आणि पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाका. २एच मध्ये गिअर फक्त मागची चाकं धरतो आणि ती बर्फावर असतील तर गाडी तशीच घसरते. ४एच मध्ये इंजिनची पकड पुढच्या ॲक्सललाही मिळते. हँडब्रेक सोडून ठेवा, खालच्या बाजूने दोन चाकांना लाकडी ठोकळे किंवा दगड लावा आणि पुढची चाकं डोंगराकडे वळवा. ठोकळ्याखालचा बर्फ खरवडून थोडी माती टाका, नाहीतर ठोकळ्यासकट गाडी सरकते. लिव्हर मधल्या न्यूट्रलला राहिलेला नाही हे दिवा बघून आणि क्लच सोडून, ब्रेक हलका करून तपासा. गाडी गिअरवर अडली तरच खाली उतरा.

हिमवाट:

डिझेलचं एक राहिलं. खालच्या पंपावरचं डिझेल काझाच्या रात्री मेणासारखं घट्ट होऊन फिल्टर बुजवतं. इंडियन ऑइलने २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं आहे, लडाख, केलाँग, काझासारख्या भागांसाठीच. टाकी अर्ध्यावर ठेवून काझाला पोचा आणि तिथल्या पंपावर हिवाळी डिझेल आलंय का विचारून भरा. भरल्यानंतर दहापंधरा किलोमीटर गाडी चालवा, म्हणजे पाइपातलं आणि फिल्टरमधलं जुनं डिझेल निघून जातं. भरून लगेच मुक्कामी लावली तर सकाळी फिल्टरमध्ये खालचंच डिझेल असेल.

काळी_आई:

आणि स्पितीहून परत आल्यावर चार-सहा महिने लिव्हर तसाच पडून राहू देऊ नका. महिन्यातून एकदा मुरमाच्या किंवा मातीच्या रस्त्यावर ४एच टाकून दहापंधरा किलोमीटर, आणि थोडं अंतर ४एल मध्ये. पुढच्या डिफचं आणि शाफ्टचं तेल फिरतं, सील ओले राहतात, लिव्हरची जोडणी गंजत नाही. जूनमध्ये पाणंदीच्या तोंडाशी लिव्हर हलत नाही अशी जी तक्रार येते, तिच्यातल्या बऱ्याच गाड्यांत गंजच सापडतो.